घर खायला उठतं तेव्हा काय करायचं

२०२३ च्या एप्रिलमध्ये पाणी भरताना ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि माझा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर, मग काठी, आणि त्यातच जूनमध्ये पुण्याच्या एका कंपनीचं बिलिंगचं काम मी घरून करायचे ते पण बंद झालं. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं जुनं घर आहे, खाली आईबाबा आणि वर माझी खोली, तर मी त्या वरच्या खोलीत अशी काही अडकले की ऑगस्टमध्ये पाय बरा झाला तरी खाली उतरेना. रात्री छातीत धडधड, हाताला मुंग्या, दिवसभर पोटात गोळा, फोन वाजला तरी उचलवेना. बाहेर गेलं की काहीतरी होईल असं वाटायचं आणि आत बसलं की घर खायला उठायचं. त्या नऊ महिन्यांत जे शिकले ते लिहितेय कारण तेव्हा मला हे कुणीतरी साध्या मराठीत सांगायला हवं होतं. तुम्ही आजारपणामुळं घरी असाल, वर्क फ्रॉम होम असेल, रिटायर झाला असाल, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं करत असाल, कारण कुठलंही असो, बऱ्याच गोष्टी सारख्याच असतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की भीतीशी डोक्यात वाद घालत बसू नका, आधी शरीराकडं बघा आणि मग उंबऱ्याशी येऊन बसा. घरी राहावं लागतंय म्हणजे घराच्या पार आतल्या कोपऱ्यात दार लावून राहायला लागतंय असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आधी एकदा तपासून घ्या

धडधड होते म्हणजे टेन्शनच आहे असं घरबसल्या ठरवू नका. थायरॉइड ग्रंथीचं काम वाढलेलं असेल, रक्त कमी असेल तरी अशीच धडधड होते, हात थरथरतात, दम लागतो. आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर ४२-४३ डिग्रीला नुसतं पाणी कमी प्यालं तरी छाती उडते आणि चक्कर येते. म्हणून फॅमिली डॉक्टरकडं जाऊन बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, बी ट्वेल्व्ह एवढं एकदा बघून घ्या. माझं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं होतं, गोळ्या सुरू केल्यावर थकवा तरी निम्मा गेला. आणि छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, ते दुखणं डाव्या हातात नाहीतर जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर श्वासाचा व्यायाम वगैरे करत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

रिपोर्ट चांगले आले की मग आपल्या शरीरात काय चाललंय ते समजून घ्या, कारण न कळलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते. संकट आलं असं मेंदूला वाटलं की किडनीच्या वर ज्या छोट्या ग्रंथी असतात त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात, म्हणजे पळायची नाहीतर लढायची तयारी. काळीज जोरात चालतं, श्वास भराभर होतो, रक्त हातापायाच्या स्नायूंकडं वळतं आणि पोटाचं काम थांबतं, तो पोटातला गोळा तिथून येतो. श्वास फार भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं बोटांना, ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मला त्या मुंग्या आल्या की वाटायचं लकवा मारतोय. डॉक्टरांनी मला समोर बसवून मुद्दाम अर्धा मिनिट भराभर श्वास घ्यायला लावला आणि तशाच मुंग्या आल्या, तेव्हा खरं पटलं. वीस वर्षं कुणी समजावलं असतं तरी एवढं पटलं नसतं.

लाट आली की

ही घबराट लाटेसारखी येते, चढते आणि उतरते. साधारण दहा मिनिटांत ती सगळ्यात वर पोचते, मग हळूहळू ओसरते, कारण शरीर तेवढा जोर फार वेळ धरूच शकत नाही. तुमचं काम तिला थांबवायचं नाहीये, तिच्यात तेल ओतायचं नाही एवढंच आहे.

श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडं लक्ष द्या. नाकानं चार आकडे मोजेपर्यंत घ्या, आणि तोंडानं गरम चहावर फुंकर घालतो तसा सहा आकडे मोजेपर्यंत सोडा. खूप खोल घ्यायचा नाही, खोल खोल घेत राहिलं की मुंग्या अजून वाढतात, ही चूक मी महिनाभर केली. सोडायचा श्वास लांब झाला की काळजाची गती उतरते. असं पाच मिनिटं. प्लॅस्टिकची पिशवी तोंडाला लावायचं कुठंतरी बघितलं असेल तर ते अजिबात करू नका.

पाय जमिनीला टेकवा. आमच्याकडं शहाबादी फरशी आहे, उन्हाळ्यातसुद्धा पहाटे गार असते, मी कॉटवरून उतरून अनवाणी उभी राहायचे आणि टाचा दाबायचे. मग हाताला जे लागेल ते नीट बघायचं, मला चादर सापडली. सोलापुरी चादर सगळ्यांच्या घरात असते पण कधी जवळून बघितलीय का, एका बाजूला जी नक्षी लाल आणि जमीन पांढरी, तीच उलटी केली की नक्षी पांढरी आणि जमीन लाल. मी बोटानं त्या नक्षीची कड धरायचे, एक फूल पूर्ण फिरून यायचं, मग चादर उलटून तेच फूल दुसऱ्या बाजूला शोधायचं, सुताची खरखर, कडेचा दोरा, धुतल्याचा वास. तिसऱ्या चौथ्या फुलापर्यंत श्वास आपोआप खाली यायचा. हे काय जादू नाहीये, मेंदूला "पुढं काय होईल" यातून काढून "आत्ता हाताखाली काय आहे" इथं आणायचं काम आहे, त्यासाठी तुमच्याकडं चादर नसेल तर तांदळाचा डबा, किल्ल्यांचा जुडगा, कुठलीही खरखरीत वस्तू चालते. गार पाणी तोंडावर मारलं तरी फरक पडतो.

काय करू नका तेही सांगते. २०२० पासून घरात ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पडलेलं होतं, मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा बोट घालून बघायचे. आकडा ९८ आला की दोन मिनिटं बरं वाटायचं आणि परत शंका यायची की आत्ता कमी झाला असेल. गूगलवर लक्षणं शोधणं, नाडी धरून बसणं, आईला सारखं "मला काही होणार नाही ना" विचारणं, सगळं त्याच जातीचं. प्रत्येक वेळी बघितलं की मेंदूला निरोप जातो, बघण्यासारखं काहीतरी आहे म्हणूनच ही बघतेय. शेवटी आईनं ते मशीन हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात ठेवलं आणि मला सांगितलं की मागायचं असेल तर माग पण दहा मिनिटं थांबून माग. पहिल्या दिवशी सात वेळा मागितलं, दुसऱ्या आठवड्यात एकदा. ती दहा मिनिटं थांबणं हीच खरी प्रॅक्टिस आहे.

दिवसाला खुंटी लागते

घरी बसलेल्या माणसाचा दिवस सांडतो. उठायची वेळ नाही, जेवायची नाही, अंघोळ दुपारी दोनला, रात्री तीनपर्यंत मोबाइल, आणि मग शरीराला कळतच नाही की जागं कधी राहायचं आणि झोपायचं कधी. मी फक्त उठायची वेळ पक्की केली, सकाळी सहा, रात्री झोप लागो न लागो. बाकीचं हळूहळू मागून आलं. उठलं की गच्चीवर उजेडात वीस मिनिटं, रात्रीचा गाऊन बदलून बाहेर जायचे कपडे, केस विंचरलेले. सोलापुरात मार्च ते मे सकाळी अकरानंतर बाहेर जाणं म्हणजे तव्यावर चालणं, तेव्हा जे काय बाहेरचं असेल ते सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर, आणि दुपारी दारं खिडक्या बंद असतात तो वेळ सगळ्यात वाईट जातो, त्या वेळेसाठी हाताला काम आधीच ठरवून ठेवा.

चहाचं बोलायलाच हवं. आपल्याकडं घरी बसलं की चहा वाढतो, मी सहा कप घ्यायचे. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनी पण अंगात असतं, आणि कॅफिननं जी धडधड होते ती आणि भीतीची धडधड यात शरीराला फरक कळत नाही. दोन कपांवर आले, दुपारी चारनंतर बंद. पहिले तीन दिवस डोकं दुखलं, एकदम तोडू नका, रोज एक कप कमी करा.

रात्री झोपताना मी एक जुना व्यायाम करते, एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच्या सुमारास बसवलेला. आडवं पडून पायाची बोटं पाच आकडे आवळायची आणि एकदम सोडायची, मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, कपाळ. दुखरा भाग सोडून द्या, मी घोटा सोडायचे. बऱ्याचदा खांद्यापर्यंत पोचायच्या आत झोप लागते.

पाण्याचा दिवस

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे कधी रात्री. पाणी आलं की गल्ली जागी होते, पाइप, घागरी, बॅरल, कुणाची मोटर आधी, कुणाचा पाइप गळतोय, तेलुगू, कन्नड, मराठी सगळं एकदम. मी प्लास्टर घालून वर पडलेली असायचे आणि मला हळूहळू लक्षात आलं की आठवड्यातली माझी बरी रात्र म्हणजे पाण्याची रात्र. बाकीच्या दिवशी शेजारच्या कारखान्यातले टॉवेलचे माग चालू असले तरी एकटं वाटायचं, आणि सुट्टीला माग बंद झाले की ती शांतता अंगावर यायची.

समोर एक अक्का राहतात, विड्या वळतात. सकाळी घरातलं आवरलं की उंबऱ्यात बसतात, कारण तिथं उजेड आणि वारा दोन्ही असतो, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं अशी चालतात की बघत राहावं, आणि तोंडानं अख्ख्या गल्लीशी बोलणं चालू. त्यांची मजुरी हजार विड्यांवर मिळते त्यामुळं हात थांबवून गप्पा मारायची त्यांना सोय नाही, आणि गप्पा सोडायची त्यांची तयारी नाही. जुलैत एक दिवस त्यांनी खालूनच हाक मारली, "काय करलालीस गं वर एकटीच? गॅलरीत तर बस की, माझं बॅरल भरलं की ओरड, मला इथून दिसत नाही." बस एवढंच. पुढच्या पाण्याला मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि बॅरल भरलं की ओरडले. त्या रात्री मला धडधड झाली नाही असं नाही, झाली, पण बॅरलकडं बघायचं असल्यामुळं तिच्याकडं बघायला वेळ मिळाला नाही.

त्यातून मी हे शिकले की एकटेपणावर नुसती सोबत पुरत नाही, आपली कुणालातरी वाट बघावी लागेल असं एखादं छोटं काम लागतं. "काळजी घे गं" म्हणणारे वीस जण होते आणि त्यांचं प्रेम खरं होतं, पण "भरलं की ओरड" असं म्हणणाऱ्या एकट्या अक्का. तुम्ही असं काम मागून घ्या. शेजारच्या पोराचे पाढे फोनवर ऐकायचे, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब लिहायचा, मामीची औषधाची वेळ झाली की रोज नऊला फोन करायचा. लाजू नका, "मी घरीच आहे, मला एक काम दे" असं म्हटलं की लोकांना उलट बरं वाटतं.

आणि जागा बदला. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून उंबऱ्यात. जुळे सोलापूर, होटगी रोडकडं फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना उंबऱ्यात बसणं अवघड वाटेल, त्यांनी रोज एक वेळ ठरवून खाली पार्किंगमध्ये वॉचमनकाकांपाशी दहा मिनिटं उभं राहावं, दूध स्वतः खाली जाऊन घ्यावं, ऑनलाइन मागवायच्या ऐवजी खालच्या किराण्यातून एकेक वस्तू आणावी. एकेक, सगळी यादी एकदम नाही, म्हणजे रोज जाणं होतं.

हाताला काम म्हणून मी शेंगाची चटणी कुटायला घेतली. मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होते, पण आई म्हणाली खलबत्त्यात कूट. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, लसूण, मीठ, तिखट, थोडे जिरे. पहिली दहा मिनिटं नुसता भुगा असतो, मनात हजार विचार चालू असतात, मग हळूहळू दाण्याचं तेल सुटायला लागतं, भुगा ओलसर होऊन बत्त्याला चिकटतो, आवाज बदलतो, खट खट चा थप थप होतो. तिथपर्यंत आलं की डोकं रिकामं झालेलं असतं. मूड चांगला झाला की काम करू असं म्हणून वाट बघितली तर मूड येत नाही, आधी हात चालवावे लागतात, मूड मागून येतो, डॉक्टर पण उदासीमध्ये हेच करायला सांगतात. आणि शेवटी एक डबा चटणी होते, ती कुणालातरी द्यायला जाता येतं.

काळजीची वही, आणि फोन

चिंता करू नको असं मनाला सांगून ती जात नाही. तिला वेळ द्या. मी संध्याकाळी पाच ते सव्वापाच ठेवला, जुनी शाळेची वही घेतली, दिवसभर काही आलं मनात की एक शब्द लिहायचा आणि म्हणायचं पाचला बघू. पाचला सगळे शब्द काढायचे आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न, याचं मी उद्या काही करू शकते का. करू शकत असेन तर काय ते एका ओळीत, उदा. "पीएफचे पैसे" समोर "मंगळवारी अकरा वाजता फोन". काहीच करता येण्यासारखं नसेल तर समोर रेघ. सव्वापाचला वही बंद. पहिल्या आठवड्यात काही उपयोग वाटला नाही, पंधरा दिवसांनी लक्षात आलं की रोज त्याच सात-आठ गोष्टी येतायत, आणि त्यातल्या चार तर पाच वाजेपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. वही झोपायच्या आधी मात्र उघडू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर असूनसुद्धा माणूस एकटा असू शकतो. स्टेटस बघणं म्हणजे बोलणं नाही. दिवसातून दोन खरे कॉल, आवाज ऐकायचा, दहा मिनिटं पुरे. काय बोलायचं सुचत नसेल तर विचारा, आज काय भाजी केली, पाणी आलं का. ज्या मैत्रिणीशी वर्षभर बोलणं नाही तिला फोन करायला फार संकोच वाटतो, मी मेसेज टाकला होता, "बरेच दिवस बोलले नाही, माझं जरा बरं नव्हतं, रविवारी फोन करू का", आणि तिनं रविवारची वाट न बघता पाचव्या मिनिटाला फोन केला. बातम्या सकाळी एकदा, बास. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

घरच्यांशी

मी तिसरीत असताना बाबांची मिल बंद पडली. दोन वर्षं बाबा घरी होते, सकाळी भोंग्याच्या वेळेला उठायचे, डबा नाही म्हणून परत बसायचे, भिंतीकडं तोंड करून. कुणी त्याला आजार म्हटलं नाही, "डोक्यात घेतलंय" म्हणायचे. मी वरून उतरेना तेव्हा सगळ्यात आधी बाबांनी ओळखलं. ते वर आले, खुर्ची ओढून बसले, काही विचारलं नाही, थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "सकाळी जास्त वाईट वाटतं का रात्री?" मला त्या प्रश्नानं रडू आलं. तुमच्या घरात कुणी असं बसलेलं असेल तर "मनावर घेऊ नको", "तुला काय कमी आहे", "आमच्या वेळी असलं नव्हतं" हे म्हणू नका. कधी जास्त होतं, तेव्हा मी काय करू, शेजारी बसू का, एवढंच विचारा. आणि त्यांची सगळी कामं पण काढून घेऊ नका, भाजी निवडायला तरी द्या.

तुम्हाला स्वतःला सांगायचं असेल तर फार स्पष्टीकरण नको. "मला घाबरल्यासारखं होतं, पंधरा मिनिटांत कमी होतं, तेव्हा बोलू नकोस फक्त जवळ बस" असं, लाट नसताना सांगून ठेवा. आईनं माझी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, दोनदा. काढू द्या, आईचा जीव तुटत असतो, तिच्या हाताला पण काम हवं असतं. फक्त दृष्ट काढली म्हणून डॉक्टर चुकवायचा नाही.

डॉक्टरकडं कधी

दोन आठवड्यांच्या वर रोज असं होत असेल, झोप, जेवण, काम बिघडलं असेल, घबराट टाळायला तुम्ही एकेक गोष्ट सोडत चालला असाल, तर मनोविकारतज्ज्ञांकडं जा. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, आणि आपल्या गावासाठी महत्त्वाचं म्हणजे तेलुगू आणि कन्नडमध्ये पण. मी पहिल्यांदा लावला तेव्हा भाषा निवडेपर्यंत हात थरथरत होता, पलीकडच्या बाईंनी नाव सांगायचा आग्रह केला नाही, आधी झोप विचारली. सरकारी मोठ्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, खर्चाचं टेन्शन असेल तर तिथं केसपेपर काढा.

गोळी दिली तर घाबरू नका आणि घाई पण करू नका. या रोजच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला थोडं मळमळतं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात. शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नका, त्यातल्या काहींची सवय लागते. दारूनं त्या रात्री बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी घबराट दुप्पट होते. आणि जगावंसं वाटत नाही असा विचार येत असेल तर तो पाचच्या वहीत ठेवायचा नाही, त्याच क्षणी घरातल्या एकाला उठवा, १४४१६ लावा नाहीतर ११२, आणि कुणीतरी येईपर्यंत एकट्यानं खोलीत राहू नका. असं कुणी तुम्हाला सांगितलं तर लेक्चर देऊ नका, उठून त्याच्यापाशी जा.

बाहेर पडायचं, खांबाखांबानं

पाय बरा होऊन पण मी घरात का, तर ज्या गोष्टीला घाबरून आपण टाळतो ती टाळली की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या वेळेची भीती वाढवतं. आधी मी बाजार टाळला, मग चौक, मग गल्ली, मग जिना. परत यायचं ते पण उलट्या क्रमानं, एकेक करून.

वहीत यादी केली, सगळ्यात सोप्पं वर. गल्लीच्या टोकाचा लाइटचा खांब. किराण्याचं दुकान. रिक्षा स्टॉप. कन्ना चौक. सिद्धेश्वराचं देऊळ. आणि सगळ्यात खाली, गड्ड्याची जत्रा, म्हणजे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची जत्रा. नियम एकच होता, पोचायचं आणि भीती निम्मी होईपर्यंत तिथंच थांबायचं, भीती टोकाला असताना मागं फिरायचं नाही. खांबापाशी पहिल्या दिवशी मी बावीस मिनिटं उभी होते, खांबावर पेंटनं लिहिलेला नंबर पाठ झाला, लोक बघून गेले, अक्का उंबऱ्यातून बघत होत्या पण त्यांनी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. सहाव्या दिवशी कंटाळा आला. कंटाळा आला की पुढची पायरी.

सुरुवातीला आई बरोबर असायची, मग ती दहा पावलं मागं, मग घरी फोन घेऊन बसलेली, मग फोनशिवाय. शेअर रिक्षात कडेला बसायचं. ऑक्टोबरमध्ये कन्ना चौकातून मी अर्ध्यातून पळून आले, घरी येऊन खूप रडले, वाटलं सगळं मुसळ केरात. डॉक्टर म्हणाले, उद्या तिथंच जा, त्याच जागी, अलीकडच्या पायरीवर नाही आणि पुढच्याही नाही. गेले. तळ्याकाठच्या देवळात पोचायला डिसेंबर उजाडला, संध्याकाळी पाण्यावरून वारा येतो तिथं पायरीवर तासभर बसले.

संक्रांतीला जत्रेत गेले, कडेनं, जिथून निघायला वाट आहे अशी जागा आदल्या दिवशी बाबांबरोबर जाऊन बघून ठेवली होती. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आणि "एकदा भक्तलिंग हर बोला हर" असा गजर उठला तेव्हा छातीत धडधड सुरू झाली. चार मोजून घेतला, सहा मोजून सोडला, चपलेतून टाच जमिनीला दाबली. धडधड कमी व्हायला बराच वेळ लागला, काठ्या पुढं निघून गेल्या तरी मी तिथंच उभी होते, आणि मग अक्कांसाठी डझनभर बांगड्या घ्यायला गर्दीत शिरले. त्यांच्या बांगडीचं माप कुठलं ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून तिथूनच त्यांना फोन लावला.